करंजखिंडीचा कपभर पाऊस

"पाऊस कवा थांबला त्ये समद्या गावाला ठावं हाय. दुष्काळ कुठल्या तारखेला लागला, त्येवढं सांगा."

करंजखिंडीच्या विजयमाला पिसाळ यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या घराच्या सोप्यात मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या पिशवीत मातीतला ओलावा मोजण्याची दोन उपकरणे होती आणि शीघ्र दुष्काळावरचा माझा एक निबंध छपाईच्या वाटेवर होता. मला तारीख सांगता आली नाही. प्रश्न अतिशय मूलभूत आहे, असे मी त्यांना सांगितले. "म्हंजी उत्तर न्हाई," असे म्हणून त्या म्हशीला पाणी दाखवायला उठल्या.

अभ्यासक ज्याला शीघ्र दुष्काळ म्हणतात तो आपल्या ओळखीच्या दुष्काळाहून वेगळ्या वळणाचा असतो. ओळखीचा दुष्काळ महिनोन्महिने येत राहतो. विहिरी खाली जातात, टँकर सुरू होतात, पुढारी येऊन जातात, आणि प्रत्येकाला आपापली भूमिका पाठ करायला पुरेसा अवधी मिळतो. शीघ्र दुष्काळ दोन-तीन आठवड्यांत आपले काम उरकतो. त्याला नुसता पाऊस थांबून भागत नाही. ढग हटावे लागतात, ऊन तापावे लागते, कोरडा वारा सुटावा लागतो. मग हवेलाच तहान लागते आणि ती मातीतून, पानांतून, मिळेल तेथून पाणी ओढू लागते. त्या वर्षी जुलै भरपूर बरसला होता. वरच्या वर ओल मिळत गेल्याने सोयाबीनच्या मुळांना खाली जाण्याची गरज वाटली नव्हती. माळाच्या मुरमाड जमिनीत ती वीतभर खोलीवरच आरामात पसरली होती. पाऊस थांबला तेव्हा पीक गुडघ्याच्या वर गेलेले, फुलावर आलेले. उपग्रहाच्या चित्रात तर तालुका त्या आठवड्यात वर्षातला सर्वांत हिरवा दिसत होता. ऑगस्टचा पहिला आठवडा सरला आणि दुपारच्या वेळी पाने उलटून आपली पांढुरकी बाजू दाखवू लागली. ओढा वाहत होता, विहिरींत द्राक्षबागांपुरते पाणी होते, हंगामातल्या पावसाची बेरीज सरासरीला धरून होती. कागदात शिरायला या दुष्काळाला फटच नव्हती.

एक फट मात्र तालुक्याच्या बैठकीने त्या वर्षी ठेवली होती. ज्या महसूल मंडळात सलग तीन आठवडे पावसाचा एकही दिवस नोंदला जाणार नाही, त्या मंडळासाठी उपसा योजनेचे पंप टंचाईच्या खर्चातून सुरू करून कालव्याला पाणी सोडायचे, असे ठरले होते. पावसाचा दिवस म्हणजे अडीच मिलिमीटर किंवा अधिक. करंजखिंडी मंडळात अकरा गावे येतात. या अकरा गावांचा पाऊस मोजणारे स्वयंचलित हवामान केंद्र एकच, ते करंजखिंडीच्या शाळेच्या मैदानात. आणि त्या केंद्राची राखण करणारे गृहस्थ म्हणजे विजयमालाबाईंचे यजमान नाथाजी पिसाळ. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

नाथाजी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना मेजर म्हणते. सातारा-सांगलीच्या सीमेवरच्या या गावांत ही बढती निवृत्तिवेतनाबरोबर आपोआप मिळते. करंजखिंडीत एका वेळी नऊ मेजर आहेत आणि त्यांतला एकही सैन्यात मेजर नव्हता. नाथाजींनी सीमेवर किती वर्षे काढली हे ते फारसे सांगत नाहीत. नोकरीच्या उत्तरार्धात एका प्रशिक्षण केंद्रातले परेडचे मैदान त्यांच्या ताब्यात होते, त्याविषयी मात्र ते तासभर बोलू शकतात. मैदानाला पाणी कोणत्या प्रहरी मारावे, किती मारावे म्हणजे चिखल न होता धूळ बसते, चुन्याची रेघ कशी ओढावी, याचे त्यांचे एक शास्त्र आहे. "जवानाच्या बुटाखालची धूळ पयली जाती ती साहेबाच्या नाकात," हा त्यांचा सिद्धान्त. साहेब येणार असे कळले की नाथाजींच्या देहात काहीतरी जागे होते आणि ते झोपवण्याची सोय निवृत्तीच्या कागदपत्रांत नसते.

२०१९ साली केंद्र बसवायला आलेल्या मुलांनी त्यांना एकच सूचना दिली होती: यंत्राला हात लावायचा नाही. हात न लावता एखाद्या वस्तूची देखभाल कशी करतात, हे सैन्यात शिकवत नाहीत. नाथाजींनी प्रथम केंद्राच्या कुंपणाभोवती दगड मांडले आणि ते आलटून पालटून गेरू आणि चुन्याने रंगवले. मग आतले गवत खुरप्याने एका उंचीचे केले. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्यांना त्यांनी एकदा तेल दिल्याचीही चर्चा आहे. ती त्यांनी माझ्यापाशी नाकारली, पण नाकारताना आवाज थोडा उतरला होता. शेजारच्या पळसमाळ गावाने हे केंद्र आपल्याकडे यावे म्हणून तेव्हा बरेच प्रयत्न केले होते. ते करंजखिंडीला मिळाले आणि मंडळालाही करंजखिंडीचे नाव राहिले, याचा गावाला जो अभिमान होता, तो मुख्यतः पळसमाळच्या तोंडाकडे पाहून होता.

चौदा ऑगस्टला दुपारी सरपंच शिवांजली मोहिते शाळेच्या मैदानावर आल्या. वयाने तिशीच्या, शिकलेल्या, दररोज सकाळी मोबाईलवर मंडळाचा पाऊस पाहणाऱ्या. शेवटचा पाऊस पंचवीस जुलैच्या सकाळच्या नोंदीतला. उद्या सकाळी साडेआठची नोंद कोरडी आली की तीन आठवडे पुरे होत होते.

"तात्या, उद्या झेंडावंदन होईस्तोवर आपण यादीत," त्या नाथाजींना म्हणाल्या. "परवा पंप सुरू. आठवड्यात पाणी रानात."

"आठवड्यात आलं तर शेंग भरतीया," नाथाजी म्हणाले. "त्येच्या म्होरं नुसता पाला."

हे दोघांनाही स्पष्ट होते, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सावलीत बसलेल्या लालासाहेब निकमांनाही. लालासाहेबांचे सगळे रान माळावर, सगळे सोयाबीनखाली. त्यांनी रोज एक झाड उपटून आणून पारावर दाखवायचा क्रम ठेवला होता.

अडचण वेगळीच होती. त्या वर्षीच्या झेंडावंदनाला एक निवृत्त कर्नल पाहुणे म्हणून येणार होते, आणि ज्या कोरडीमुळे गाव यादीत जाणार होते त्याच कोरडीने मैदानाचा फुफाटा केला होता. मुलांनी संचलनाचा सराव केला तेव्हा मागच्या रांगा दिसेनाशा झाल्या. नाथाजींनी तवनाप्पा चौगुल्यांना हाक मारली. तवनाप्पा हे मूळचे सांगलीकडच्या एका जैन शेतकरी घराण्यातले. वडिलांनी इकडे जमीन घेतली, तेव्हापासून गावातली पहिली द्राक्षबाग त्यांची आणि औषध फवारणीचा पहिला ब्लोअरही त्यांचाच.

"आप्पा, ब्लोअर आण गड्या. ग्राउंडवर एक हलका हात मारू."

"टाकीत कालचं बोर्डो हाय, मेजर. मोरचूद-चुना. खंगाळून आणतो."

"खंगाळ, पर येळ लावू नगंस. कर्नलसाहेब सातला पोचत्यात."

घाईत खंगाळलेली टाकी घेऊन तवनाप्पा ट्रॅक्टरसह आले. फवाऱ्याखाली मैदान अर्ध्या तासात निवले. नाथाजींनी पायाने चाचपून पाहिले. धूळ बसली होती, चिखल झाला नव्हता. कामगिरी येथे संपायला हरकत नव्हती. पण झेंड्याच्या चौथऱ्यावरून पाहिले असता समोर येते ते हवामान केंद्र, आणि त्याच्या खांबांवर, सौरपट्टीवर, पांढऱ्या भांड्यावर तीन आठवड्यांचा थर होता.

"आता ह्येच्यावर एक हात मार," नाथाजी म्हणाले.

तवनाप्पांनी फवाऱ्याची तोटी हातात घेतली आणि थांबले. "त्ये पावसाचं भांडं हाय न्हवं, मेजर?"

"व्हय."

"मग?"

"आरं, पावसाचं भांडं पावसानं धुतलं जातं. पाऊस न्हाई म्हणून तर आपल्याला धुवाय लागतंय."

या युक्तिवादात दोष काढणे कठीण आहे. तवनाप्पांनाही तो सापडला नाही. केंद्राची आंघोळ झाली आणि संध्याकाळच्या उन्हात ते असे चमकले की नाथाजींनी नातवाला बोलावून केंद्राचा फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलसाहेबांनी मैदानाची तारीफ केली. "ऐसा ग्राउंड तो सेंटर में भी नहीं देखा," हे त्यांचे वाक्य नाथाजींनी पुढे बराच काळ जपले असते. पण साखर वाटून होते न होते तोच शिवांजलीबाईंनी मोबाईल उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. आजूबाजूची तीन मंडळे यादीत होती. करंजखिंडीसमोर चोवीस तासांतला पाऊस होता, तीन पूर्णांक चार मिलिमीटर.

"कुठं पडला?" लालासाहेबांनी आकाशाकडे पाहत विचारले. "कुणी बघितला का रं?"

सगळे आकाशाकडे पाहू लागले. नाथाजी एकटेच खाली मैदानाकडे पाहत होते.

त्या भांड्याच्या तोंडाचे माप घेऊन मी नंतर हिशेब केला. तेवढा पाऊस नोंदवायला आत जेवढे पाणी जावे लागते, त्याने चहाचा एक कप जेमतेम भरतो. अकरा गावांच्या शिवारावर त्या कपाने दुष्काळ मागे हटवला आणि तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवली. मातीतल्या ओलाव्याची माझी मापे त्याच सकाळी लालासाहेबांच्या रानात मी घेतली होती. ती वाचून दाखवली तेव्हा लालासाहेब म्हणाले, "आवं, त्ये माझ्या पायालाबी कळतंय. कागदाला कळवा." कागदात मातीच्या ओलाव्यासाठी रकाना नव्हता.

नाथाजींनी लपवाछपवी केली नाही. त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर, अंगातला झेंडावंदनाचा कोट न काढता, ते उभे राहिले आणि सांगितले की पाऊस आपण पाडला. मग लालासाहेब हात जोडून म्हणाले, "मेजर, उद्या आमच्या सोयाबीनलाबी आंघोळ घालायला या. तिथंबी झेंडा लावतो."

हशा झाला. नाथाजींनी तो शिस्तीत उभ्यानेच सोसला. ते म्हणाले, "उद्या तालुक्याला जाऊन सांगतो. माझी चूक हाय, मी लिवून देतो. नोंद काढून टाकत्यात."

आणि येथे प्रकरणाने असे वळण घेतले, जे फक्त करंजखिंडीतच शक्य होते. शिवांजलीबाई म्हणाल्या, "तात्या, थांबा. तुम्ही यंत्रावर पाणी मारलं हे लिहून दिलं, तर पहिला प्रश्न येणार, यंत्र सांभाळायची तुमच्या गावाची लायकी आहे का? आणि दुसऱ्या दिवशी पळसमाळचे लोक तिथं बसलेले असणार."

पळसमाळचे नाव निघताच सभेचा सूर पालटला. क्षणापूर्वी नाथाजींना हसणारी माणसे आता त्यांना समजावू लागली. हलका शिडकावा झाला असेलही, असे एकाने सुचवले. पहाटे आपल्याला वास आला होता, असे दुसरा म्हणाला. यंत्र गेले तर मंडळाचे नावही जाईल, मग पत्त्यात काय लिहायचे? तासाभरात गाव अशा मताला आले की पाऊस पडलाच नसावा असे खात्रीने म्हणता येत नाही. लालासाहेबांनी आणलेले वाळके झाड त्या वेळी त्यांच्या हातातच होते. तेही गप्प बसले.

"पानी माळाला पायजे का यंत्र गावाला पायजे?" नाथाजींनी विचारले.

"दोन्ही," शिवांजलीबाई म्हणाल्या. त्या प्रामाणिकपणे बोलत होत्या.

घरी विजयमालाबाईंनी जेवण वाढताना एवढेच म्हटले, "धा-बारा वर्सं सरकारच्या ग्राउंडला पानी मारलासा, कुणी बोललं न्हाई. गावच्या ग्राउंडला एकदा मारलासा आन् बगा."

नाथाजी दुसऱ्या दिवशी एकटेच एस.टी.ने तालुक्याला गेले. नायब तहसीलदार धैर्यशील पवार हे तरुण अधिकारी सौजन्यशील होते. त्यांनी नाथाजींना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. पुढचा संवाद मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितला आहे आणि दोन्ही हकिकती जुळतात.

"तुमचं म्हणणं काय आहे, मेजर? यंत्र बिघडलंय?"

"न्हाई साहेब. यंत्र एकदम फिट हाय."

"मग नोंद चुकली?"

"नोंदबी बरोबर हाय. पानी पडलं."

"मग तक्रार कशाची?"

"पाऊस पडला न्हाई, साहेब."

धैर्यशीलांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांचा नाथाजींवर पूर्ण विश्वास बसला होता आणि त्यामुळेच त्यांची पंचाईत झाली. यंत्र नादुरुस्त असेल तर नोंद रद्द करण्याची तरतूद होती. यंत्र दुरुस्त असताना आलेली नोंद रद्द करण्याची नव्हती; कारण दुरुस्त यंत्रात आलेले पाणी आकाशाखेरीज कोठून येऊ शकेल, याची कल्पना तरतूद करणाऱ्यांना नव्हती. "माझ्याकडं पाऊस कमी करायचं बटण नाही हो," ते म्हणाले. "पण बाहेरचं पाणी होतं याचा प्रत्यक्ष पुरावा यंत्रावर असेल, तर स्थळपाहणी लावतो. पाहणीत दिसलं की त्याच दिवशी वर पाठवतो."

पुरावा होता. तो तवनाप्पांनी दाखवला. नाथाजी परतले तेव्हा ते केंद्राच्या कुंपणाशी वाट पाहत होते.

"टाकी नीट खंगाळली न्हवती, मेजर. भांड्याच्या आत बगा."

भांड्याच्या पांढऱ्या आतल्या बाजूवर वाळलेल्या थेंबांचे निळसर ठिपके होते. द्राक्षाच्या पानावर असतात तसेच, मोरचुदाचे.

"निळा पाऊस कवा पडला व्हता का आपल्याकडं?" तवनाप्पा म्हणाले.

नाथाजींनी तेथूनच धैर्यशीलांना फोन लावला. पाहणी सोमवारी, एकवीस ऑगस्टला ठरली. मी तोवर रोज माळावरची मापे घेत होतो. फुले गळायला लागली होती, पण पहिल्या शेंगा झाडावर होत्या, आत दाणा धरू पाहत होता. एकवीसला नोंद रद्द झाली, बावीस-तेवीसला पंप चालले, तर आठवड्याभरात पाणी पोचून निम्मे पीक वाचेल, असा माझा अंदाज होता. लालासाहेबांनी तोच अंदाज माझ्या आधी सांगितला होता. गावाला पाहणीची खबर लागली. शिवांजलीबाईंनी विरोध केला नाही. त्या म्हणाल्या, पुरावा असेल तर बघू, पळसमाळचं नंतर बघू. नाथाजींनी कुंपणाला कुलूप लावले आणि त्या चार दिवसांत भांड्याकडे कोणालाही, स्वतःलाही, जाऊ दिले नाही.

रविवारी सायंकाळी तालुक्याहून फोन आला. "उद्या सकाळी साहेब येतायत."

पुढचे विजयमालाबाईंच्या शब्दांत: "फोन ठिवला आन् पयलं बूट काढलं पालिशला. तवाच माझ्या मनात चुकचुकलं. म्या म्हटलं, आवं, उद्या लगीन न्हाई, पंचनामा हाय. तर म्हणत्यात, त्ये खरं हाय, पर साहेब येणार."

सकाळी उजाडताच नाथाजींनी दगडांना गेरू-चुना दिला. तेथे भांड्याचा संबंध नव्हता. मग गवत एका उंचीचे केले. तेथेही नव्हता. मग त्यांनी कुलूप काढून खांब कोरड्या फडक्याने पुसले. पाणी वापरले नाही, याची त्यांनी दक्षता घेतली. भांड्याच्या काठावर कावळ्याने घाण केली होती. एवढी मात्र साहेबासमोर ठेवणे शक्य नव्हते. त्यांनी काठ पुसला. काठ पुसल्यावर आतली बाजू त्याच्या शेजारी फारच मळकी दिसू लागली. नाथाजींनी मला सांगितले की त्या क्षणी आपल्याला सगळे ठाऊक होते: ठिपके कशाचे, ते का ठेवायचे, कोणासाठी ठेवायचे. "पर हात थांबला न्हाई," ते म्हणाले. "हात लष्करातच ऱ्हायलाय माझा." त्यांनी फडके उलटे करून स्वच्छ बाजू घेतली होती, हेही त्यांनी सांगितले, सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटले.

दहा वाजता धैर्यशील आणि यंत्राच्या देखभालीचे दोन तंत्रज्ञ आले. तवनाप्पा ब्लोअर घेऊन हजर होते, साक्षीला. लालासाहेब होते. निम्मे गाव होते. एका तंत्रज्ञाने शिडी लावून भांड्यात पाहिले आणि वळून धैर्यशीलांकडे पाहिले.

"डाग कुठले म्हणत होता?"

नाथाजी सावधानच्या स्थितीत उभे होते.

"मी पुसलं, साहेब."

"का?"

"आपण येणार म्हणून."

तवनाप्पा मटकन ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले. लालासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि काही न बोलता रानाकडे निघाले. त्या दिवशी कोणालाही विनोद सुचला नाही. फडके मागवण्यात आले. नाथाजींनी ते धुऊन दोरीवर वाळत घातले होते.

पाहणीच्या अहवालाची प्रत मी पाहिली आहे. यंत्र पूर्णतः कार्यक्षम, मोजमाप अचूक, बाहेरील पाण्याची खूण आढळली नाही, परिसराची स्वच्छता तालुक्यातील इतर केंद्रांनी अनुकरण करावी अशी. धैर्यशीलांनी त्याखाली आपले टिपण जोडले की राखणदाराच्या तोंडी निवेदनावर आपला व्यक्तिशः विश्वास आहे. ते टिपण वर गेले. वरून उत्तर आले की व्यक्तिशः विश्वासाची नोंद घेण्यात आली आहे.

नवी मोजणी पाच सप्टेंबरला पुरी झाली. या खेपेस कोणी यंत्राजवळ गेले नाही. मैदानावरच्या दोन म्हशीसुद्धा शिवांजलीबाईंनी हलवल्या. करंजखिंडी यादीत आली, पंप चालले, आणि अकरा सप्टेंबरला कालव्याचे पाणी माळावर पोचले. तोवर लालासाहेबांनी सोयाबीन उपटून जनावरांपुढे टाकले होते. शेंगा होत्या, दाणे नव्हते. नाथाजी त्या दिवशी कालव्याच्या कडेने माळापर्यंत चालत गेले. लालासाहेब बांधावर बसले होते.

"आलं बगा," लालासाहेब म्हणाले. "कुठं घिऊ ह्ये?"

"शाळूच्या पेरणीला व्हईल," नाथाजी म्हणाले.

"व्हईल की. तवर तुमी रानावर चुना मारून घ्या. पानी येणार म्हणून."

नाथाजी हसले नाहीत. पण लालासाहेब पुन्हा बोलू लागले, एवढ्याने त्यांना बरे वाटले असावे. ते तेथेच बांधावर बसले. पाणी खरोखर शाळूच्या पेरणीला उपयोगी पडले, आणि कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनाचा पूर्ण वापर झाल्याचे योजनेच्या कागदात आले. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊसही झाला. वर्षाची बेरीज सरासरीच्या जवळ गेली. दुष्काळाच्या कोणत्याही व्याख्येत करंजखिंडीत त्या वर्षी विशेष काही घडलेले नाही.

नाथाजींनी राखणदारी सोडतो म्हणून शिवांजलीबाईंना सांगितले. दुसरे कोणी तयार होईना, त्यामुळे ती त्यांच्याकडेच राहिली. मात्र त्यांनी यंत्राला हात लावायचा नाही ही मूळ सूचना आता अक्षरशः पाळायला घेतली. गेरू उडाला, चुना उडाला, गवत हवे तसे वाढले. २०२४ च्या जुलैत भांड्याच्या तळाशी पाला आणि कोळिष्टके साचून पाणी आत जाईना; चांगला मुसळधार पाऊस झाला त्या दिवशी यंत्राने बारीक भुरभुर नोंदवली. तंत्रज्ञ आले, त्यांनी भांडे स्वच्छ केले आणि देखभालीतील हलगर्जीपणाबद्दल नाथाजींना लेखी समज दिली. त्यांनी ती शांतपणे घेतली. शिक्षा मिळाली म्हणून ते समाधानी दिसले, असे विजयमालाबाई म्हणतात. चुकीच्या गुन्ह्यासाठी का होईना.

त्यानंतरही धैर्यशीलांचे ते टिपण हातात घेऊन नाथाजी दोनदा जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आले. पीक परत येणार नव्हते, पाणी येऊन गेले होते. आता त्यांना फक्त तो पाऊस काढून टाकायला हवा होता. दोन्ही वेळा त्यांना सांगण्यात आले की आकडे अजून तात्पुरते आहेत आणि अंतिम होताना सर्व हरकतींचा विचार होईल.

मार्च २०२५ मध्ये मंडळनिहाय पावसाची अंतिम आकडेवारी प्रसिद्ध झाली. तीत करंजखिंडी मंडळासमोर, पंधरा ऑगस्ट २०२३ या तारखेस, तीन पूर्णांक चार मिलिमीटर पाऊस आहे.